झाकण, वाफ आणि काच

लोणारच्या कथेत एक टेकडी येते. गावापासून नैऋत्येला सुमारे ३६ मैलांवरची, शंकूसारखी निमुळती. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे, आणि ती लोकांच्या तोंडून ऐकून केलेली आहे. ही टेकडी म्हणजे लवणासुराच्या बिळावरचे झाकण. लवणासुर जमिनीखाली दडून राही आणि बाहेर येऊन मुलुखाला छळी. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, असुराच्या दोन बहिणींना वश केले, त्यांच्याकडून दडण्याची जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने झाकण उडवले. ते जाऊन पडले थेट ३६ मैलांवर. मग युद्ध झाले, असुर मारला गेला आणि त्याच खड्ड्यात गाडला गेला. तळ्यातले पाणी हे त्याचे रक्त आणि काठावर साचणारा खार हे त्याचे कुजलेले मांस. लोणार गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ याच विष्णूचे.

असुर, वध, घरच्यांनी फोडलेले गुपित, हे सगळे पुराणांत जागोजागी भेटते. झाकण मात्र खास इथले. ज्या कुणाला ते पहिल्यांदा सुचले, त्याच्या मनात एक अतिशय रास्त प्रश्न होता. भुईला एवढे मोठे भोक पडले, तर आतला ऐवज गेला कुठे? हा प्रश्न पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनाही जसाच्या तसा पडला. आणि कथाकाराने उत्तर हवेत सोडले नाही. टेकडीचा आणि तळ्याचा आकार एकमेकांशी जुळतो, असे लोक सांगत. म्हणजे गोष्टीला ताळा होता, आणि ज्याला शंका येईल त्याने चालत जाऊन तो बघावा अशी सोय होती. लोणारविषयी आजवर जेवढ्या गोष्टी सांगितल्या गेल्या, शास्त्रज्ञांच्या आणि भाविकांच्याही, त्यांचा मागोवा घेताना मला हे झाकण पुन:पुन्हा आठवते. लोकांचा विश्वास कशावर बसला, हे त्याच्या आधाराने तपासता येते.

जागा अशी आहे की तिला गोष्ट लागतेच. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, सपाट शेतवडीतून जाताना जमीन थोडी चढते आणि एकाएकी संपते. खाली जवळजवळ वर्तुळाकार खोलगट भाग, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. काठ भोवतालच्या रानापेक्षा वीसेक मीटर उंचावलेला. उतारावर झाडी आणि जुनी देवळे, तळाशी हिरवट, उग्र वासाचे पाणी, काठाला कमळजा देवी. हे पाणी खारट आणि अल्कधर्मी. त्यात मासा जगत नाही. पण वरच्या अंगाला गोमुखातून पडणारी धार बारमाही आणि गोड. गोड धारेचे पाणी खाली उतरून खारे होते, बाहेर जायला वाट नाही, उन्हाळ्यात आटते आणि काठाला खार सोडते. देवीजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीचे अर्धे पाणी गोड आणि अर्धे खारे, असे सांगतात. गोड झरे आणि खारे तळे इतक्या लगत असल्यावर ही गोष्ट रुजायला वेळ लागला नसेल.

हा खार विकला जाई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लोणारचा उल्लेख केला. ब्राह्मण या ठिकाणाला विष्णुगया म्हणतात, हे त्याने टिपले. त्याचबरोबर इथे काच आणि साबण करायचा माल मिळतो आणि त्यातून सरकारला उत्पन्न येते, हेही टिपले. खाराच्या प्रतींना दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. बांगड्यांची काच, साबण, कापडाची रंगाई यांसाठी तो लांबवर जाई. अबुल फजलला खड्डा कसा झाला याच्याशी कर्तव्य नव्हते. पण त्याच्या नोंदीमुळे एक कळते: गोष्ट सांगणारे लोक तळ्याकडे नुसते हात जोडून बघत नव्हते. ते त्यात उतरत होते, खार उपसत होते, त्याच्या प्रती लावत होते. लवणासुराचे मांस म्हणून ज्या खाराकडे बोट दाखवले जाई, तो त्यांच्या रोजच्या हाताखालचा होता. ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या वस्तूला गोष्टीने हात घातला की तिचे अर्धे काम झालेले असते.

१८२३ साली अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी इथे आला आणि लोणारची युरोपीय दफ्तरात नोंद झाली. त्याच्यामागून आलेल्यांनी जी गोष्ट मांडली, तीही पहिल्या ऐकण्यात पटण्यासारखी होती. खड्डा लाव्ह्याच्या खडकात आहे. सगळे दख्खन लाव्ह्याचे, थरावर थर असलेल्या काळ्या बेसाल्टचे. मग हे ज्वालामुखीचे तोंड नसेल तर दुसरे काय असणार? शेजारी सापडलेला ओळखीचा माणूसच गुन्हेगार, असा तो तर्क होता. अडचण वयाची होती. दख्खनचा लाव्हा आज आपण साडेसहा कोटी वर्षांच्या घरातला मानतो. तेवढी नेमकी संख्या तेव्हा हाताशी नव्हती, पण थर फार जुने आणि खड्डा बराच ताजा, हे नुसत्या डोळ्यांनाही दिसत होते. शिवाय खड्ड्याच्या तोंडून लाव्हा वाहिल्याची खूण कुठे नाही, राखेचा ढीग नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला ब्लॅनफर्ड जाणकार माणूस होता. ही उणीव त्याने ओळखली. त्याने १८६८च्या सुमारास मांडले ते असे: स्फोट ज्वालामुखीचाच, पण लाव्ह्यावाचून झालेला, जमिनीखाली कोंडलेल्या वाफेचा किंवा वायूचा. इतर काहींनी खाली पोकळी होऊन वरचा भाग खचल्याचे सुचवले. याच सर्वेक्षणाच्या ला तूश आणि क्रिस्टी यांनी १९१२ साली तळ्याचा आणि त्याच्या खाराचा सविस्तर अभ्यास छापला. खाराचे रसायन त्यामुळे बरेच उलगडले. खड्ड्याचे कूळ मात्र भूगर्भातच शोधले जात राहिले.

वाफेच्या गोष्टीत एक मोठी सोय आहे. वाफ मागे काही ठेवत नाही. राख का नाही, तर वाफ होती म्हणून. लाव्हा का नाही, तर वाफ होती म्हणून. पुरावा नसणे हेच इथे गोष्टीला धरून होते. झाकणवाल्या गोष्टीने निदान एक टेकडी तरी पुढे केली होती आणि तिच्याकडे बोट दाखवून कुणी ‘हे जुळत नाही’ म्हणू शकला असता. वाफेची गोष्ट तेवढेही धाडस करत नव्हती. तरी ती शंभर वर्षांच्या आसपास टिकली. ती सांगणारे विद्वान होते आणि दुसरी गोष्ट कुणाकडे नव्हती. अधिकारी माणसाच्या तोंडून आलेली, आपल्या आधीच्या समजुतीशी जुळणारी आणि प्रतिस्पर्धी नसलेली गोष्ट खरी वाटते, यात नवल नाही.

इथून मागोवा अमेरिकेतल्या अॅरिझोनात जातो. तिथल्या वाळवंटातही असाच गोल खड्डा आहे, लोणारहून थोडा लहान, आणि त्याच्या आसपास लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले सापडत. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळचा अमेरिकेतला अग्रगण्य भूवैज्ञानिक. १८९१ साली तो तिथे गेला. आकाशातून काही कोसळले असेल ही कल्पना त्याला ओढून घेत होती, आणि नेमक्या त्याच कारणासाठी त्याने तिची कसून परीक्षा घ्यायचे ठरवले. दोन कसोट्या लावल्या. पहिली: लोखंडाचा प्रचंड गोळा खाली गाडला गेला असेल तर होकायंत्राची सुई विचलित व्हायला हवी. दुसरी: गोळा खड्ड्यात बसला असेल तर त्याने काही जागा अडवली असणार, म्हणजे काठावर उडालेल्या मालाचे आकारमान उरलेल्या खड्ड्याच्या आकारमानापेक्षा जास्त भरायला हवे. त्याने मोजणी केली. सुई हलली नाही. काठावरचा माल आणि खड्डा, दोन्ही आकारमाने जवळपास सारखी आली. गिल्बर्टने आवडती कल्पना बाजूला ठेवली, आसपासचे लोखंड योगायोगाने तिथे पडले असे धरले आणि वाफेचा स्फोट मान्य केला. १८९६ साली गृहीतके कशी जन्मतात यावर त्याने जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात अॅरिझोनाच्या खड्ड्याचा जोडीदार म्हणून लोणारचा उल्लेख केला.

या माणसाविषयी मला अपार आदर वाटतो. त्याने जे केले ते विज्ञानाच्या कोणत्याही वर्गात शिकवावे असे आहे, आणि तरीही उत्तर चुकले. झाकणाचा आकार खड्ड्याशी जुळवून बघणारा वऱ्हाडातला अनाम कथाकार आणि काठावरचा माल खड्ड्याशी जुळवून बघणारा गिल्बर्ट यांचा प्रश्न एकच होता: आतला ऐवज गेला कुठे? दोघांचेही माप जुळले. टेकडी जुळली म्हणून ती झाकण ठरली नाही, आणि आकारमाने जुळली म्हणून वाफही सिद्ध झाली नाही. गिल्बर्टला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि तेव्हा ती कुणालाच ठाऊक नव्हती. सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने येणारा दगड जमिनीत रुतून बसत नाही. आदळताक्षणी त्याची सगळी गती उष्णतेत आणि धक्क्यात उतरते आणि तो स्वतः वितळून, वाफ होऊन, तुकड्यातुकड्यांनी उधळला जातो. खड्डा होतो तो स्फोटाने, म्हणूनच तिरपा मारा असला तरी गोल होतो. न्यूझीलंडच्या गिफर्ड यांनी १९२४ साली ही गोष्ट स्पष्ट करून दाखवली. तोवर डॅनिएल बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने त्याच अॅरिझोनाच्या खड्ड्यात १९०३पासून लोखंडाचा गोळा शोधायला भोके पाडायला घेतली होती. उल्का पडली हे त्याचे म्हणणे बरोबर होते, गोळा खाली आहे हे चूक. १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ मोल्टन यांनी गणिताने दाखवले की तिथे काढण्याजोगे लोखंड नाही. त्याच वर्षी बॅरिंजर वारला.

म्हणजे लोणारला उल्का शोधण्यात अर्थ नव्हता. मग पुरावा कशाचा मागायचा? गोष्ट खरी ठरायची तर तिने असे काही दाखवायला हवे होते, जे बाकीच्या गोष्टींना मुळीच दाखवता येणार नाही. गोलाई सगळ्या गोष्टींना चालते. खोली, खार, उंचावलेला काठ, तेही सगळ्यांना चालते. जुळणाऱ्या खुणांची यादी कितीही लांबवली तरी निवाडा होत नाही. या मुलखात इतका काळ वाद रेंगाळला त्याचे कारण मला हेच दिसते.

उत्तर एका खनिजातून आले, आणि त्या खनिजाची कुळकथाही भारतातच सुरू होते. १८६५च्या ऑगस्टमध्ये बिहारमधल्या शेरघाटीजवळ एक उल्का पडली. तिच्या तुकड्याचा अभ्यास करताना व्हिएन्नाच्या चेरमाक यांना १८७२ साली काचेसारखा एक पदार्थ आढळला. त्याला ब्रिटिश म्युझियमच्या मास्केलीन यांच्या नावावरून मॅस्केलिनाइट म्हणतात. त्याचे मर्म कळायला बरीच वर्षे गेली. बेसाल्टमध्ये प्लेजिओक्लेज नावाचे पांढुरके खनिज असते. त्यावर सुमारे तीन लाख वातावरणांइतका दाब क्षणार्धात आला तर त्याचे स्फटिक न वितळताच आतून विस्कटतात आणि काच होतात. बाहेरचा आकार मात्र जुन्या स्फटिकाचाच राहतो. असा दाब पृथ्वीच्या कोणत्याही ज्वालामुखीत उत्पन्न होत नाही, वाफेच्या कोणत्याही कोंडमाऱ्यात होत नाही. निसर्गात तो होतो आकाशातून काही आदळल्यावरच.

१९६०च्या दशकात अॅरिझोनाच्या खड्ड्यातही अशाच अतिदाबाच्या खनिजांवरून निवाडा झाला होता आणि चंद्रावर माणूस पाठवायच्या तयारीमुळे अशा विवरांकडे सगळ्यांचे लक्ष वळले होते. चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचे आहेत, म्हणून बेसाल्टमध्ये झालेले विवर पृथ्वीवर हवे होते. लाफाँ आणि डीट्झ यांनी १९६४ साली लोणारबद्दल प्रश्नचिन्हासह उल्केची शक्यता छापली. १९७२ साली व्ही. के. नायक यांनी इथल्या काचेच्या गोळ्यांकडे लक्ष वेधले. आणि १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला. दुबे आणि बालसुंदरम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, म्हणजे ब्लॅनफर्डच्याच खात्याचे. तळ्याच्या तळाखाली भोके पाडून काढलेल्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट मिळाले. धक्क्याने खडकात उमटणाऱ्या शंकूच्या आकाराच्या चिरा मिळाल्या. काठावर खणलेल्या चरांतून वितळलेल्या खडकाचे गोळे आणि बारीक मणी निघाले. हे मणी अपोलो यानांनी आणलेल्या चांद्र नमुन्यांशी जवळचे नाते सांगत होते.

ज्या लोणारच्या खारातून कधीकाळी बांगड्यांची काच होत होती, त्याचा निवाडा शेवटी काचेने केला. मोठी टेकडी गेली, वाफ गेली, आणि भिंगाखाली दिसणारा कण उरला. पण या वेळी तो कण जुळत होता म्हणून पटला नाही. तो दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत बसू शकत नव्हता, म्हणून पटला.

एक गोष्ट जिंकली की जुन्या खुणा तिच्या बाजूने साक्ष द्यायला येतात, हेही लोणारला बघायला मिळते. गावातल्या मोठ्या मारुतीची निजलेली मूर्ती उल्केच्या दगडाची आहे, असे आता सांगतात. जवळच्या लहानशा अंबर तळ्याचा खड्डा उल्केच्या फुटलेल्या तुकड्याने पडला, असेही सांगतात. त्याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे लवणासुराची कथा ही खुद्द आघाताची आठवण आहे, पूर्वजांनी अग्नीचा गोळा पाहिला आणि तो पुराणात बांधून ठेवला, ही कल्पना. ऐकायला ती सुंदर आहे. मला ती मान्य नाही, आणि कथाकाराच्या प्रेमापोटीच मान्य नाही. कथेत आकाशातून काही पडत नाही. उलट, जमिनीवरचे झाकण उडून दूर जाते. आघात पाहिलेल्याने अशी उलटी गोष्ट सांगितली नसती. ती सांगणाऱ्याने खड्डा पाहिला होता, खार चाखला होता, काठावर उभे राहून विचार केला होता. डोळ्यांदेखत घडलेले सांगण्यापेक्षा समोरच्या खुणांवरून घडून गेलेले ताडणे अवघड असते, आणि त्याने ते केले. त्याला साक्षीदार ठरवले तर त्याची बुद्धी आपण काढून घेतो.

२०२०च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा आठ दिवसांत किती गोष्टी उभ्या राहिल्या, ते सगळ्यांनी पाहिले. कोप, शेवाळ, टाळेबंदी, प्रदूषण. प्रत्येक गोष्टीबरोबर तेच छायाचित्र फिरत होते आणि ते सगळ्यांना सारखेच लागू पडत होते. वन खात्याने नमुने पाठवले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही लक्ष घातले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्या पाण्यात खारटपणात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव आढळले. नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले, म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, जीवांचा होता. बाटली काही काळ न हलवता ठेवणे एवढाच तो प्रयोग, पण पाण्यात रंग विरघळला आहे असे सांगणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो एका झटक्यात बाद करणारा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणार पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले.

आता उरलेला वाद वयाचा, आणि तो अजून मिटलेला नाही. १९९७ साली सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी आघातातल्या काचेच्या उष्मादीप्तीवरून वय काढले ते ५२ हजार वर्षे, सहा हजार अधिक-उणे. २०११ साली जूर्दां आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रकारच्या काचेतल्या आरगॉन वायूवरून काढले ५ लाख ७० हजार, ४७ हजार अधिक-उणे. दहापटीहून जास्त अंतर. दोन्ही पद्धतींना आपापली कमकुवत बाजू आहे. तापल्यावर काचेतली साठलेली दीप्ती शून्यावर येते आणि मग किरणोत्साराने वर्षानुवर्षे भरत जाते. ती मध्येच पाझरली तर वय खरे असेल त्यापेक्षा कमी निघते. आरगॉनचे उलट आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या बेसाल्टमध्ये जुना आरगॉन साठलेला असतो. आघातात तो पुरता निघून गेला नसेल तर वय जास्त निघते. जूर्दां यांच्या गटाने या जुन्या वायूचा हिशेब वजा केला आहे, त्यामुळे माझा कल मोठ्या आकड्याकडे आहे.

बोलण्यात मात्र अजून ५० हजारांचाच आकडा सर्रास येतो. त्याला लोक इतके धरून का आहेत, ते समजण्यासारखे आहे. ५० हजार वर्षांपूर्वी माणूस होता. कुणीतरी पाहिले असेल, असे म्हणायला जागा राहते. आपल्या जातीच्या माणसाचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे, मोरोक्कोतले. ५ लाख ७० हजार म्हटले की दगडी हत्यारे घडवणारे दूरचे पूर्वज कदाचित असतील, पण आठवण पुराणापर्यंत पोचवणारे कुणी उरत नाही. आकडा निवडताना आपण नकळत गोष्ट निवडतो. म्हणून लोणारला शाळेची सहल आली की मुलांना दोन्ही आकडे सांगावेत, आणि त्याबरोबर काचेतली दीप्ती कशी भरते, आरगॉन कसा उरतो हेही सांगावे. सातवी-आठवीच्या मुलांना ते चांगले कळते. त्यांतल्या एखादीने ‘मग तिसऱ्या पद्धतीने मोजून का नाही बघत?’ असे विचारले, तर तिला सांगायला हरकत नाही की तसा प्रयत्नही झाला आहे. अणू फुटल्याने काचेत उमटणारे सूक्ष्म ओरखडे मोजून श्टोर्त्सर आणि कोबर्ल यांनी २००४ साली वय काढले: १५ हजार वर्षे, १३ हजार अधिक-उणे.